पाठीमागचा दिवा

६ ऑक्टोबर
कालव्यावरची चौकी

प्रिय वहिनी,

नमस्कार, खुशाली, सगळ्यांना सांगणं-विचारणं हे तू तुझ्या मनाने वाचून घे. कागद थोडा आहे आणि मागण्या फार आहेत.

पोचून आठवडा झाला. नोकरी म्हटलं तर सोपी. चौकीत मी एकटी. दुपार कलली की सायकल काढायची आणि कालव्याच्या कडेकडेने पाणी अडवायच्या शेवटच्या दारापर्यंत जायचं. वाटेत प्रत्येक पुलाखाली भिंतीवर मोजपट्टी रंगवलेली आहे, पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते वाचायचं, मोबाइलने फोटो काढायचा आणि परत फिरायचं. जाताना उजेड असतो, येताना नसतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी, मधून खडीचा रस्ता. माणूस म्हणून काही दिसलंच तर ती माझीच सावली.

मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून हे पत्र. सामानाची गाडी शनिवारी वर येते आणि रविवारी खाली जाते, तिच्याबरोबर टपाल. वीज म्हणजे छपरावर एक सौर पाटी आहे, ती एक दिवा पेटवते आणि तेवढ्याने दमते. म्हणजे मोबाइल, सायकलचा दिवा आणि खात्याने दिलेलं अंतर मोजायचं छोटं यंत्र, अशी तीन तोंडं रोज उघडी आणि घरात दाणा नाही. तू दुकानदार आहेस, तूच सांग. एक भली मोठी पॉवर बँक घेऊ आणि गाडीवाल्याकडून आठवड्याला भरून आणू, की चाकावर चालणारं काही बसवू?

खात्याची सायकल नाव मोठं लक्षण खोटं या जातीची आहे. ब्रेक दाबला की ती थांबायचा विचार करते. टायर इतके अरुंद की खडीत रुततात. काय पाठवायचं ते पाठव आणि पैसे पगारातून काप.

दादाला सांग, पंधरा दिवसांत रडत परत येईन अशी पैज मारली होतीस ना? अर्धे दिवस संपले. डोळे कोरडे आहेत.

तुझी,
मुंगी


११ ऑक्टोबर
दुकान

मुंगे,

वन्संचा हुकूम शिरसावंद्य. खोकं उघडशील तेव्हा आधी टायर काढ. रुंद आहेत आणि आतून काट्याला दाद न देणारी पट्टी आहे. जड लागतील, पहिले चार दिवस मला शिव्या देशील, पण त्या रस्त्यावर अंधारात पंक्चर काढत बसण्यापेक्षा शिव्या परवडल्या. ब्रेकचे रबर नवे आहेत. तारा मी इथेच तेल लावून ओढून ठेवल्यात.

आता चार्जरचं. मोठ्या पॉवर बँकेचा मोह सोड. गिऱ्हाईक येतं, सगळ्यात मोठी द्या म्हणतं, आणि महिन्याने भरत नाही म्हणून तक्रार घेऊन येतं. हत्ती पोसायचा तर चाराही हत्तीचाच लागतो. मी तुला पुढचं चाकच पाठवतेय, त्याच्या मधल्या तुंब्यातच डायनॅमो आहे. आरे मी स्वतः ओढलेत, तुझ्या दादाचा हात लावू दिला नाही. चाक फिरलं की वीज. ती आधी दिव्याला जाते, आणि बटण फिरवलं की छोट्या डबीतून पॉवर बँकेला. बँक मधल्या आकाराची दिलीय. एका बाजूने भरत असताना दुसऱ्या बाजूने मोबाइलला देते, तशीच लागते, सगळ्या तशा नसतात. चढावर हळू चालवशील तेव्हा डबीतून काही मिळणार नाही, घाबरू नकोस. आणि दिवा आणि चार्जर एकदम चालू करू नकोस, दोघेही उपाशी राहतील. अंधार पडला की दिवाच.

दिवा नव्या पद्धतीचा आहे. तू थांबलीस तरी लगेच विझत नाही, पोटात थोडी वीज साठवतो आणि काही वेळ जळत राहतो. पुलाखाली वाकून पट्टी वाचताना उपयोग होईल.

तळाशी पिवळ्या रंगाचं एक छोटं यंत्र आहे. पिन ओढली की असं बोंबलतं की मेलेला माणूस उठून बसेल. हसू नकोस. जवळ ठेव.

कारण मला भीती वाटते, मुंगे. तुझा दादा जेवताना पैजेच्या गप्पा मारतो, मी हो हो म्हणते आणि घास उतरत नाही. तू लिहितेस माणूस दिसत नाही, म्हणून भीती वाटते, आणि माणूस दिसला असं लिहिलंस तर त्याहून जास्त वाटेल. काल खालच्या वस्तीतले दारवाले काका आले होते ट्यूब घ्यायला. आधी कालव्याची दारं उघडझाक करायचे, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, रस्ता चांगला आहे, तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

पोचल्याचं लिही.

वहिनी


२० ऑक्टोबर
चौकी

प्रिय वहिनी,

चाक म्हणजे काय चाक आहे! पहिल्या दिवशी चार्जरच्या डबीवरचा हिरवा ठिपका पेटला तेव्हा मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. मोबाइल आता भरलेला असतो. टायरना शिव्या देऊन झाल्या आणि मागेही घेतल्या.

आता एक सांगते, पण दादाला सांगायचं नाही. सांगितलंस तर तो गाडी घेऊन येईल, मला मुटकुळं करून खाली नेईल आणि जन्मभर ऐकवेल. ही नोकरी कायम व्हायची असेल तर उन्हाळ्यापर्यंत एकही दिवस चुकवून चालणार नाही, हे तुला माहीत आहे. हातातली गेली तर दुसरी कुणी देणार नाही.

माझ्या मागे एक दिवा येतो.

मंगळवारी पहिल्यांदा दिसला. परतताना, जुन्या दगडी पुलाच्या अलीकडे. एकच दिवा, आणि इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे सायकलच. मला वाटलं कुणीतरी आपल्या वाटेने चाललंय, बरंच झालं, सोबत. पट्टी वाचायला मी पुलापाशी थांबले. तो जवळ येऊन पुढे जाईल म्हणून बाजूला झाले. पण तो थांबला. मी थांबले की तो थांबतो, वहिनी. दिवा तसाच जळत राहतो, जागचा हलत नाही. मी निघाले की तो निघतो. चौकीचं वळण आलं की दिसेनासा होतो. नंतर गुरुवारी आला आणि काल आला.

आणखी एक. पॅडल न मारता सायकल सोडून दिली की मागचं चाक टकटक करतं, ते तुला मी काय सांगू. काल मी पॅडल मारत होते, म्हणजे माझी सायकल मुकी. तरी टकटक ऐकू येत होती.

मला आरसा पाठव. हँडलला लावायचा, सारखी मान वळवावी लागणार नाही असा. आणि मागचा लाल दिवा लावू की नको ते सांग. लावला तर मी त्याला लांबून दिसते. नाही लावला तर तो किती जवळ आलाय ते त्याला आणि मला दोघांनाही कळत नाही. असला प्रश्न तुझ्या दुकानात कुणी विचारलाय का?

मी घाबरलेली नाही. फक्त सांगून ठेवतेय.

मुंगी


२५ ऑक्टोबर
दुकान

मुंगे,

आरसा पाठवलाय, हँडलच्या टोकात खुपसायचा. खडीवर हादरे बसून फिरेल, म्हणून रबराची एक पट्टी जास्त दिलीय. लाल दिवाही पाठवलाय, आणि तो लाव. मोबाइलसारखाच पॉवर बँकेवर भरतो, एकदा भरला की बरेच दिवस बघायला नको.

दुसऱ्या गोष्टीचं म्हणशील तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस. अगं, कालवा आहे, मासे असतील, कुणी गळ टाकायला येत असेल. बाईमाणूस पुढे आहे म्हणून बिचारा लाजून मागे थांबत असेल. जगात चांगली माणसंही असतात. तू आपली रोजच्यासारखी जा आणि ये. उगाच वळून बघू नकोस, जोरात पळवू नकोस, कुणाला ओरडू नकोस. पट्ट्या नीट वाच.

तुला सांगते, मला आता आधीइतकी भीती वाटत नाही. दोन घास जास्त जातात. दादाला काही बोललेले नाही. तो दुकानाच्या पाटीला रंग देतोय आणि पाटीपेक्षा स्वतःलाच जास्त लावतोय.

खोक्यात चेन पुसायचं फडकं आहे. वापर.

वहिनी


३ नोव्हेंबर
चौकी

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला तुझा राग आला. ज्या बाईने रस्ता ओलांडताना अजून माझा हात धरला असता ती मला लिहिते, उगाच वळून बघू नकोस. तुला झालंय काय? की दादाने शेजारी बसून लिहवून घेतलं?

ब्रह्मराक्षसाचं ऐक आता.

आरसा लावला. त्यात तो दिवा रोज दिसतो. आधी लांब ठिपका असायचा. आता दिव्याखालचं हँडल दिसतं. परवा मी युक्ती केली, दिवा बंद करून झाडीत उभं राहायचं आणि तो पुढे जातो का ते पाहायचं. चाक थांबलं, मी झाडीत शिरले, आणि तुझा तो गुणाचा दिवा काही विझेना! थांबल्यावरही जळतो ना. मी दोन्ही हातांनी तो झाकून धरला. बोटांतून उजेड येत होता. समोर रस्त्यावर त्याचा दिवा उभा होता, अगदी शांत. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग तो खोकला. पुरुषाचा खोकला. मुद्दाम खोकल्यासारखा, मी इथे आहे हे कळावं म्हणून.

आणि काल सकाळी चौकीच्या मागे पाणी ओतायला गेले तर चिखलात चाकाचा माग. माझे टायर रुंद आहेत, हा माग अरुंद. रस्त्यावरून आलाय, माझ्या खोलीच्या खिडकीखाली थांबलाय आणि परत गेलाय. खिडकीखाली बुटांचे ठसे आहेत. खिडकीची कडी ढिली आहे, वहिनी. दाराला खुर्ची लावते, पण खिडकीला काय लावू?

झोप नाही. तुझा पिवळा भोंगा खिडकीच्या कडीला बांधून ठेवलाय, पण बोंबलला तरी इथे ऐकणार कोण? मोठा पान्हा उद्यापासून हँडलला बांधणार आहे. पुढच्या वेळी तो जवळ आला तर मी वळणार आणि सायकल थेट त्याच्या अंगावर घालणार. कालव्यात पडला तर पडला. खोल आहे, पट्टी मीच वाचते.

नाहीतर दादाला सांग. हो, सांग. म्हणावं मुंगी हरली, येऊन घेऊन जा. येत्या शनिवारच्या गाडीने तो आला तर मी सामान बांधून बसलेली असेन. नोकरी गेली खड्ड्यात. जीव राहिला तर पैज पुन्हा मारू.

मुंगी


८ नोव्हेंबर
दुकान

माझ्या मुंगे,

आधी पान्हा सोड. हे पत्र संपेपर्यंत तरी सोड.

तो ब्रह्मराक्षस मीच पाठवलाय.

आता रागव. मी कान पकडून उभी आहे. तुझं पहिलं पत्र आलं आणि मला चैन पडेना. दारवाले काका ट्यूब घ्यायला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पदर पसरला. म्हटलं, संध्याकाळी पोरगी परत येते तेव्हा तिच्या मागे मागे राहा, लांबून, आणि तिला अजिबात कळू देऊ नका. कळलं तर ती तुम्हालाही फाडून खाईल आणि मलाही. वहिनीने आपल्या मागे दाई लावली म्हणून ती कायमची माझ्याशी अबोला धरेल. काका हसले आणि हो म्हणाले. त्यांच्या सायकलला दिवा नव्हता, तो मी बसवून दिला.

म्हणून तुझं ते दिव्याचं पत्र वाचून मला भीती वाटण्याऐवजी हायसं वाटलं. म्हटलं, काका शब्दाचे पक्के. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, चार दिवसांत सवय होईल. तू झाडीत दिवा झाकून उभी होतीस हे वाचलं आणि मला रडू फुटलं. दादाने विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात तेल गेलं.

ते खोकले असतील तर तू घाबरू नयेस म्हणूनच. खिडकीशी आले असतील तर तू नीट पोचलीस ना ते बघायला, किंवा कडी लागते का ते तपासायला. जुना सरकारी माणूस, त्यांना चौकीतला खिळा न् खिळा माहीत. पण खिडकीशी येणं मला आवडलेलं नाही, आणि ते मी त्यांना सांगणार आहे.

तू एवढंच कर. आता दिसले की थांब. वळ आणि सरळ हाक मार, काका म्हणून. चहा पाज, माझ्या वाटणीची बोलणी खाऊ घाल, आणि मग दोघं मिळून मला हसा. म्हातारा माणूस आहे गं, त्याच्या अंगावर सायकल घालू नकोस.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. तू हरलेली नाहीस. सामान सोड, उन्हाळ्यापर्यंत रहा आणि कायमची हो. घाबरायचं कारण नव्हतंच कधी. ते कारण मीच होते.

तुझी,
वहिनी


१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दुकान

मुंगे,

दार उघडू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी उठून दार लाव आणि खिडकीला पलंग लोट. कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. काका म्हणून आला तर अजिबात नाही.

आज दुपारी एक गिऱ्हाईक जुना डायनॅमो घेऊन आलं. बाटलीसारखा असतो, टायरला घासून चालतो, तो. मी तार बदलली, सायकल उलटी केली, चाक फिरवलं. दिवा पेटला. हात काढला, चाक थांबलं आणि दिवा विझला. रोज बघते मी हे. आज बघितलं आणि हातातली पक्कड खाली पडली.

काकांना मी असाच जुना डायनॅमो बसवून दिला होता. त्यांची सायकल थांबली की दिवा विझणार. क्षणभरही राहणार नाही. आणि तू लिहिलं होतंस, मी थांबले की तो थांबतो, दिवा तसाच जळत राहतो. दिव्याबद्दलच्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. एवढी वर्षं दिवे विकतेय मी, आणि ते वाक्य वाचून पुढे गेले. मला वाटलं आपला माणूस आहे, मग दिव्याकडे कोण बघतं.

धावत गाडीवाल्याच्या घरी गेले. तो मूळचा त्याच वस्तीतला. म्हणाला, दारवाले काका? ते तर महिन्यापासून लेकीकडे आहेत, पाय मोडलाय. दुकानातून दिवा लावून घेऊन गेले त्याच संध्याकाळी वस्तीच्या उतारावर घसरले. कालव्यापर्यंत पोचलेच नाहीत. मला कळवायला त्यांनी गाडीवाल्याकडेच निरोप दिला होता आणि तो विसरला. माझ्यापुढे उभा राहून कपाळावर हात मारून घेत होता. तुझ्या मागे काका एक दिवससुद्धा नव्हते.

मग जो आहे तो कोण?

कार्यालयात गेले. आत्ता वर निरोप द्यायची काही सोय नाही, सकाळी माणूस पाठवू म्हणाले. मी टेबलावर हात आपटून ओरडले, तेव्हा तिथल्या बाबूने पाणी दिलं. दादाला सगळं सांगितलं. तो चपला घालून पोलिसांकडे गेला. अजून आलेला नाही. गाडीवाल्याची गाडी खोलून पडली आहे. पहिली बस पहाटे सुटते, मी तिने निघतेय. टपालाची मोटारसायकल आत्ता वस्तीपर्यंत जातेय. मागे टपालाच्या पेट्या बांधल्यात, मला बसू देईना, पाया पडले तरी नाही. म्हणून हे पत्र त्याच्याबरोबर. वस्तीतून कुणीतरी वर घेऊन जाईल असं तो म्हणाला. पत्र आणि मी, जे आधी पोचेल ते.

तू शुक्रवारचं पत्र वाचलं नसशील तर किती बरं होईल. पान्हा अजून हँडलला असेल तर किती बरं होईल. तू घाबरलेली होतीस, मुंगे, आणि तुझी भीती खरी होती. ती मी काढून घेतली. तुला निर्धास्त करून त्याच्यापुढे थांबायला लावलं. हाक मार म्हटलं. त्याला काही म्हणवून घ्यायला नाव नव्हतं, तेसुद्धा मीच दिलं.

भोंग्याची पिन हातात धरून बस. मी येतेय.

वहिनी


१३ नोव्हेंबर, दुपार
चौकी

लबाड, पाताळयंत्री, सोन्यासारख्या वहिनीस,

मोजपट्ट्यांना रंग द्यायला एक माणूस वर आला होता, तो आज खाली उतरतोय. म्हणून रविवारची वाट न बघता लिहितेय. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

शनिवारी तुझं पत्र वाचलं आणि मी आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग रडले. मग जी झोपले ती रविवारी उन्हं वर आल्यावर उठले. किती दिवसांनी अशी झोप लागली! दाराची खुर्ची काढून तिच्यावर बसून चहा प्यायले.

सोमवारी दगडी पुलापाशी थांबले. मागे दिवा होताच. सायकल स्टँडवर लावली, वळले आणि जोरात म्हटलं, काका, या आता पुढे, वहिनीने सगळं सांगितलंय! दिवा बराच वेळ जागचा हलेना. मला हसू यायला लागलं, म्हटलं म्हातारबुवा लाजले. मग हळूहळू पुढे आले. कानाला मफलर, डोक्यावर टोपी, तोंड धड दिसेना. म्हणाले, काय सांगितलं वहिनीने?

मी आपली एका दमात सगळं बोलून गेले. तू त्यांना माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंस ते, मी चौकीत एकटीच असते आणि किती घाबरले होते ते, पान्ह्याचं, आणि दादाला यातलं काही माहीत नाही तेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, हो, मीच तो.

माणूस मितभाषी आहे, पण चांगला वाटला. तू म्हातारे म्हातारे म्हणतेस, पण चढावर माझ्या बरोबरीने चालवत होते, दम म्हणून लागला नाही. तू बसवून दिलेला दिवा मात्र दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, मोडला. म्हणून बिचारे हँडलला साधी बॅटरी बांधून फिरतात, आणि तिचाही उजेड आता पिवळा पडलाय. मला कसंतरीच झालं. माझ्यासाठी रोज एवढं अंतर तुडवायचं आणि तेही असल्या उजेडात! मी माझी पॉवर बँक त्यांना देऊन टाकली. त्यांची बॅटरी तिच्यावर भरते, मी लावून पाहिली. तू रागावू नकोस, पुढच्या खोक्यात मला दुसरी पाठव. तोवर मोबाइल फोटोपुरता चालू करीन, एरवी बंद राहील, तर राहू दे. माझा मागचा लाल दिवाही नको म्हणाले, त्यांच्या डोळ्यांवर येतो. काढून ठेवलाय.

खिडकीचं तू बरोबर ओळखलंस. कडी ढिली आहे ते त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. काल चौकीपर्यंत आले, बाहेरूनच बघितली आणि म्हणाले, स्क्रू नवे लागतील, उद्या घेऊन येतो. कडी सोडवायची तर तिला बांधलेला तुझा पिवळा भोंगा काढावा लागला. त्यांना त्याची फार गंमत वाटली. कसा वाजतो, पिन कुठली, सगळं विचारून घेतलं आणि बघायला घेऊन गेले. आज आणतील.

तेव्हा आज पाहुणे येणार आहेत! खोली झाडून घेतली, दोन कप घासून ठेवलेत. पान्हा हत्यारांच्या पेटीत परत गेला. पट्ट्या वाचायला आज जरा लवकर निघेन, म्हणजे ते येईपर्यंत मी परत आलेली असेन. आता उन्हाळ्यापर्यंत काय, चार उन्हाळे काढीन इथे.

वहिनी, इतकी वर्षं तुझ्या काळजीला मी हसत आले. आता हसणार नाही. कुणीतरी आपल्या पाठीशी आहे हे कळल्यावर रस्ता किती वेगळा दिसतो ते मला आत्ता समजलं.

तुझी,
मुंगी

ता. क. आपली भेट झाली हे वहिनीला इतक्यात कळवू नकोस, असं काका दोनदा म्हणाले. पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलंय का? तेव्हा दुकानात आले तर तुला काही माहीत नाही असंच दाखव.